रोडकिंग घेताय? आधी नेकवरचा रंग थिनरने पुसून बघा

जुनी गाडी स्वतः खोलून, शिकत शिकत उभी करायची हौस असेल आणि त्यातून डोक्यात येझदीची रोडकिंग ही जुनी मोटारसायकल असेल, तर टोकन पाठवायच्या आधी हे वाचा. माझे ८१,८४० रुपये गेलेत. गाडीचे ६२,००० (टोकनचे ५,००० धरून), ‘कागदांचे’ ८,५००, आणि क्रँक, बोअर-पिस्टन, वायरिंग मिळून ११,३४०. शेवटची रक्कम मी माझ्या हाताने पुण्याच्या नाना पेठेत, सुट्या भागांच्या बाजारात मोजली, पण गेली त्याच खड्ड्यात.

जुन्या येझदीचा कारखाना १९९६ ला बंद पडला, त्यामुळे गाडी कुणाच्या तरी गोठ्यातून किंवा गोदामातूनच येणार. ही १९८४ ची. १९८९ च्या आधीचा तीन अक्षरी नंबर, ओरिजिनल आरसी पुस्तक (नोंदणीचं), टीटी म्हणजे मालकी बदलायच्या फॉर्मवर सह्या तयार. विकणारा म्हणाला, ‘पेपर क्लिअर आहेत दादा, फक्त चालू करायची.’ पुढचा खेळ तुम्हाला माहीतच आहे. पुस्तक भंगारात गेलेल्या गाडीचं, चेसी, म्हणजे गाडीचा सांगाडा, भलतीच.

आणि मी चेसी नंबर तपासला होता, बरं का! तो हँडलच्या नेकवर, म्हणजे फ्रेममध्ये हँडल बसतो त्या नळीवर ठोकलेला असतो. तिथं कागद धरला, पेन्सिल फिरवली, आरटीओचा एजंट काढतो तशी प्रिंट काढली. पुस्तकाशी तंतोतंत जुळली. जुळणारच, पुस्तक समोर ठेवूनच ठोकला होता तो! त्या नंबरात तीनचा आकडा दोनदा होता. एकाचं डोकं गोल, दुसऱ्याचं सपाट. मला दिसलं. मी विचारलंसुद्धा. विकणाऱ्याचं उत्तर तयार होतं, ‘अहो, तेव्हा कंपनीत आकड्यांचे पंच हातानेच मारायचे.’ हातानं मारलेले आकडे वरखाली होतात, तिरके बसतात, मान्य. पण एकाच संचातला तीन दोन तोंडांचा कसा होईल? तेवढ्यात त्याचा फोन वाजला, ‘दुसरी पार्टी पासष्टला तयार आहे’ म्हणाला, आणि विषय तिथंच संपला. तुमच्यापैकी कोण थांबलं असतं?

तो कागद अजून ड्रॉवरमध्ये आहे. बघितला की डोकं फिरतं.

भांडं फुटलं ते गाडी खोलतानाच. इंजिन उतरवलं, किक आणि गिअरचा दांडा एकच कसा चालतो ते एकदाचं कळलं, मग फ्रेमला पेंट रिमूव्हर लावला. सगळीकडचा रंग सुटला, नेकवर मात्र नंबरच्या कडेने लांबीचा, म्हणजे पुट्टीचा थर. तो खरवडला तर ग्राइंडरच्या आडव्या रेघा, वेल्ड भरून घासलेला चकचकीत पट्टा, आणि टोकाला जुन्या आकड्याची अर्धी शेपटी.

ते ८,५०० ‘विंटेजमध्ये पासिंग करून देतो’ म्हणून घेतलेले. २०२१ च्या नियमात विंटेजला पन्नास वर्षं लागतात, १९८४ ची गाडी त्यात बसतच नाही. शिवाय नव्या नोंदणीची सरकारी फीच २०,००० आहे. विंटेजचं आमिष कुणी दाखवलं तर तिथूनच मागे फिरा.

आता कार्यालयं. आरटीओत नंबर संगणकावर नाही, बॅकलॉग एन्ट्री हवी, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवायला हवी, त्यासाठी मूळ जिल्ह्यातून पत्र आणा. मूळ जिल्ह्यात रजिस्टर जीर्ण झालंय, सापडलं की कळवू. पोलीस म्हणतात, ‘गाडी मिळाली ना तुम्हाला? मग हे सिव्हिल मॅटर.’ सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, तर वस्तू हातात आहे म्हणजे ऑनलाइन फसवणूक नाही. अहो, ६२,००० यूपीआयने गेलेत, तेही कुणा तिसऱ्याच बाईच्या खात्यात! एका हवालदारानं तर समजुतीच्या सुरात सांगितलं, जास्त खोलात जाऊ नका, चेसी चोरीची निघाली तर जप्त होईल आणि कुठून आणली हे तुम्हालाच विचारतील. म्हणजे फिर्यादी मी आणि संशयितही मीच. अर्जाची पोच मागितली तर ‘साहेब आल्यावर’. साहेब येण्यासाठी वेगळा अर्ज असेल तर तोही देतो म्हणालो, त्यावर कुणी हसलंसुद्धा नाही.

नंबर एमपरिवहन या सरकारी ॲपवर दिसत नसेल तर बॅकलॉग एन्ट्री आधीच्या मालकाला करू द्या, त्याच्या खर्चानं. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर पुस्तकातला मालक तुमच्यासमोर सही करेल आणि पैसे त्याच्याच खात्यात जातील, नाहीतर व्यवहार नको. आणि नेकवर थिनरचा बोळा फिरवू देत नसेल तर उठा.

गेल्या आठवड्यात त्याच माणसाची नवी जाहिरात दिसली. निळी रोडकिंग, ‘पेपर क्लिअर’, टोकन आता ७,०००. फोटो घेऊन चौकीत गेलो. ‘यात अजून कुणी फसलेलं नाही ना? मग तक्रार कशाची घेऊ?’

जाहिरात अजून सुरू आहे.