चान्स प्रिंट उचलण्याचं किट: पेटीतलं काय कामाचं, काय नुसतं ओझं

घरफोडीच्या जागेवर चान्स प्रिंट, म्हणजे नकळत राहून गेलेले बोटांचे ठसे, शोधायला जी पेटी नेतात, तिचं हे परीक्षण आहे. अशा पेट्या बऱ्याच नावांनी मिळतात, पण आतला माल साधारण सारखाच असतो: काळी, चंदेरी आणि चुंबकी पावडर, दोन-तीन ब्रश, पारदर्शक लिफ्टिंग टेप, काळी-पांढरी कार्डं, मोजपट्ट्या, भिंग, हातमोजे, शाईची पाटी आणि रूळ. महागड्या पेटीत त्यावर कागदावरचे ठसे उठवणारा निनहायड्रिनचा स्प्रे आणि वाफेने ठसे उठवणारी सुपरग्लूची पाकिटं येतात. सातारा-सांगलीकडच्या तपासी अंमलदारांना, फॉरेन्सिकच्या विद्यार्थ्यांना आणि प्रशिक्षकांना ही पेटी घ्यावी का, एवढाच प्रश्न आहे. घ्यावी. मात्र आहे तशी घेऊन चालणार नाही, कारण ती कोरड्या हवेचा आणि बंद खोलीचा विचार करून भरलेली असते.

सगळ्यात आधी ब्रश बघा. स्वस्त पेटीतला ब्रश राठ असतो, आणि राठ ब्रशने ठसा उठण्याऐवजी पुसला जातो. फायबरग्लासचा मऊ, फुललेला ब्रश असेल तरच पेटीला हात घाला. पावडरच्या बाटलीत ब्रश कधीही बुडवायचा नाही. त्याने बाटलीत ओल जाते, घाण जाते, आणि आधीच्या जागेवरचा मानवी अंश पुढच्या जागेवर पोचतो. चिमूटभर पावडर स्वच्छ कागदावर काढायची, ब्रशची फक्त टोकं तिला लावायची, ब्रश एकदा झटकायचा आणि दांडी दोन बोटांत फिरवत पृष्ठभागावरून अलगद न्यायचा. दाब जवळजवळ शून्य. पहिल्या रेषा दिसल्या की हात थांबवायचा, रेषा कुठल्या दिशेला वळतात ते बघायचं आणि पुढचे हात त्याच वळणाने द्यायचे. शंख असेल तर शंखाच्या वाकाने, चक्र असेल तर गोल. नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. ठसा आणखी गडद व्हावा म्हणून ते पावडर घालत राहतात, दोन रेषांमधली मोकळी जागा भरून जाते आणि हातात काळा डाग उरतो. जास्तीची पावडर उडवायला तोंडाने फुंकर मारू नये, थुंकीचे कण ठशावर बसतात. त्यासाठी रबरी फुग्याचा ब्लोअर लागतो. बहुतेक पेट्यांत तो नसतो, वेगळा घ्या.

पावडर कुठे कुठली वापरायची याचा नियम सोपा आहे. फिकट रंगाच्या गुळगुळीत वस्तूवर काळी, गडद वस्तूवर आणि काचेवर चंदेरी. पेटीत चुंबकी पावडरचं कौतुक मोठं असतं आणि प्लॅस्टिक, चामडं, पॉलिश केलेलं लाकूड यांवर ती खरोखर छान चालते, कारण ब्रशचे केस ठशाला लागतच नाहीत, चुंबकी कांडीच्या टोकाला धरलेला पावडरचा झुबका तेवढा फिरतो. पण आपल्याकडच्या घरफोडीत चोराचा हात पहिला जातो तो लोखंडी कपाटाला. तिथे चुंबकी कांडी नेली की ती पत्र्याकडे खेचली जाते, पत्र्याला टेकते आणि ठसा खरवडून निघतो. लोखंडी कपाट, तिजोरी, दुचाकीची टाकी यांना साधीच पावडर. रक्ताळलेला ठसा दिसला तर त्यावर कुठलीच पावडर घालायची नाही. फोटो घ्यायचा, ती जागा झाकून राखायची आणि पुढचं प्रयोगशाळेवर सोडायचं.

आता पावसाचं. पाटण, जावळी, महाबळेश्वर या पट्ट्यात जून ते सप्टेंबर ही पेटी निम्मी निकामी असते. दमट हवेत पावडरच्या गुठळ्या होतात, ब्रशचे केस चिकटतात, आणि ओल्या काचेवर पावडर टाकली की नुसता चिखल होतो. हलवता येईल अशी ओली वस्तू साध्या खोलीच्या हवेत वाळू द्यावी. ती ऊन, हीटर किंवा हेअर ड्रायरने वाळवू नये, उष्णतेने ठशातला स्निग्ध अंश पसरतो. हलवता येत नसेल, म्हणजे पावसात उभी गाडी किंवा खिडकीची काच असेल, तर एसपीआर म्हणजे स्मॉल पार्टिकल रिएजंट लागतं. साबणी पाण्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे बारीक कण घोळवलेले असतात, ते ठशातल्या तेलाला धरतात. बाटली दर वेळी जोरात हलवावी, कण तळाशी बसतात. फवारा ठशावर थेट मारायचा नाही. थोडा वर मारून द्रव ओघळू द्यायचा, मग वरूनच साधं पाणी सोडायचं. करड्या रेषा राहतात. फोटो आधी घ्यायचा, वाळल्यावर टेप. साताऱ्याच्या पश्चिम भागात काम असेल तर ही बाटली पेटीइतकीच गरजेची आहे, आणि ती पेटीत नसते.

सांगली, जत, आटपाडीकडे अडचण उलटी. एप्रिल-मेच्या उन्हात तापलेल्या पत्र्यावरच्या ठशातला पाण्याचा अंश उडून जातो, ठसा सुकतो आणि पावडर धरत नाही. अशा जागेची पाहणी सकाळी लवकर उरकलेली बरी.

कागदासाठी पावडर विसरा. चिठ्ठी, पाकीट, वही यांत घाम मुरतो. निनहायड्रिन त्या घामातल्या अमिनो आम्लांशी मिळून जांभळ्या रेषा देतं. हलका फवारा मारून कागद अंधारात ठेवला तर साधारण एक-दोन दिवसांत ठसा उठतो. घाई करून इस्त्री फिरवली की कागदच जांभळट होतो. पेटीतला स्प्रे बहुधा अ‍ॅसिटोनचा असतो आणि त्याने शाई पसरते, म्हणून मजकुराचा फोटो आधी. एटीएमची पावती किंवा दुकानाचं बिल थर्मल कागदावर असतं. त्यावर अ‍ॅसिटोन पडला की कागद काळा पडतो आणि ठसा गेला तो गेला. आणि २०१९ च्या कृष्णेच्या महापुरासारख्या पुरात भिजलेल्या कागदावर निनहायड्रिनचा काही उपयोग नाही, अमिनो आम्लं पाण्यात वाहून गेलेली असतात. स्निग्ध अंश मात्र टिकतो, त्याची वेगळी प्रक्रिया प्रयोगशाळेत होते. असा कागद प्लॅस्टिकमध्ये बांधू नका, बुरशी धरते.

सुपरग्लूची पाकिटं जागेवर वापरायची वस्तूच नाही. बंद पेटी, सुमारे ८० टक्के आर्द्रता आणि हवा खेळती असलेली खोली हे सगळं जमणार असेल तरच त्या वाटेला जा.

टेपबद्दल तक्रार नाही, पण हात बसावा लागतो. एका कडेने टेकवून अंगठ्याने पुढे दाबत न्यायची, मध्ये थांबलं की हवेची रेघ राहते आणि ती रेघ नेमकी ठशाच्या गाभ्यातून जाते. काळ्या पावडरचा ठसा पांढऱ्या कार्डावर, चंदेरी काळ्यावर. पारदर्शक टेप कार्डावर चिकटवली की ठसा सरळ दिसतो, पण टेपऐवजी अपारदर्शक जेल लिफ्टर, म्हणजे जेलचा चिकट तुकडा, वापरला तर त्यावर तो आरशातल्यासारखा उलटा येतो. न उलटवता संगणकात गेला तर जुळणारा माणूस नोंदीत असूनही सापडत नाही. म्हणून लिफ्टरवर तसा शेरा लिहा. उचलण्याआधी मोजपट्टी ठशाच्याच पातळीत ठेवून, कॅमेरा काटकोनात धरून फोटो घ्या. कार्डावर गुन्हा क्रमांक, तारीख, वेळ, नेमकी जागा, जमिनीपासूनची उंची, वरची बाजू दाखवणारा बाण आणि पंचांच्या सह्या हव्यात. 'कपाट' एवढंच लिहिलेलं कार्ड कोर्टात उलटतपासणीत टिकत नाही. 'कपाटाचं डावं दार, आतली बाजू, जमिनीपासून १२० सेंटीमीटर' असं लिहिलेलं टिकतं, कारण आतल्या बाजूला पाहुण्याचा हात सहसा जात नाही.

शाईची पाटी लोक दुय्यम समजतात. माझ्या मते पेटीतली ती सगळ्यात कमी वापरली जाणारी आणि सगळ्यात उपयोगी वस्तू आहे. जागेवरचे बहुतेक ठसे घरातल्याच माणसांचे असतात, त्यामुळे घरच्यांचे आणि मोलकरणीचे ठसे संमतीने घेऊन आधी वगळावे लागतात. पाटीवर शाईचे दोन-तीन थेंबच, रूळ फिरवून पातळ थर. बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत लोळवायचं, अंगठा अंगाकडे आणि बाकीची बोटं अंगापासून दूर. कागदाच्या खालच्या भागात चारही बोटं एकत्र टेकवून साधे ठसे घ्यायचे, वरच्या रांगेत बोटांची अदलाबदल झाली असेल तर ती तिथे पकडली जाते. ऊसतोड, गवंडीकाम, हळदीचं काम करणाऱ्या हातांच्या रेषा झिजलेल्या असतात. तिथे शाई आणखी कमी आणि दाब आणखी हलका ठेवा. आधी कोमट पाण्याने हात धुऊन पूर्ण पुसून घ्या. दाबलं की झिजलेल्या रेषा एकमेकीत मिसळतात. कागदावर 'फक्त वगळण्यासाठी' असं ठळक लिहा, म्हणजे ते ठसे आरोपींच्या नोंदीत जाणार नाहीत.

ही काळजी का घ्यायची, ते पुढच्या टप्प्यावर कळतं. हेन्री पद्धत म्हणून ओळखलं जाणारं ठशांचं वर्गीकरण कलकत्त्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या पोलीस अधिकाऱ्यांच्या डोक्यातून उतरलं, १८९७ साली तिथे ठसे कार्यालयही झालं. पण ते दहाही बोटांच्या संचावर उभं होतं, जागेवरच्या एकट्या बोटाला हाताने शोधणं जवळजवळ अशक्य. आज राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नाफिस या ठशांच्या संगणक प्रणालीत तो एकटा ठसा देशभरच्या नोंदींशी ताडता येतो. तिथे नोंदीतल्या प्रत्येकाला दहा अंकी क्रमांक असतो, पहिले दोन अंक राज्याचे. प्रणाली 'हाच तो' असं म्हणत नाही. ती जवळच्या उमेदवारांची यादी देते, रेषा कुठे संपते आणि कुठे फाटे फुटतात हे तज्ज्ञ स्वतः जुळवतो. २००४ च्या माद्रिद बॉम्बस्फोटांच्या तपासात अमेरिकेच्या एफबीआयने एका निरपराध वकिलाला अशाच जुळणीवरून ताब्यात घेतलं होतं. मूळ ठसा अर्धवट, पुढे तज्ज्ञांनी एकमेकांची री ओढलेली. आणि आधारमधून माणूस शोधता येतो हा समज सोडून द्या. आधार कायदा, २०१६ च्या कलम २९ मुळे नेहमीच्या गुन्ह्याच्या तपासाला तिथले ठसे मिळत नाहीत. चोर आधी कधी पकडला गेला नसेल तर उत्तम उचललेला ठसाही वाट बघत पडून राहतो. म्हणून अटक झालेल्याचे दहा ठसे नीट घेणं तितकंच मोलाचं. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्यानुसार ती नोंद ७५ वर्षं राहते, खराब घेतली तर ७५ वर्षं खराबच.

घरफोडी झालेल्या माणसाने ही पेटी मागवू नये. कपाटाला हात लावू नये, फरशी पुसू नये, ११२ ला फोन करावा. विद्यार्थ्यांना साधी काळी-चंदेरी पावडरची पेटी पुरे, निनहायड्रिनवर पैसे घालू नका. पोलीस ठाण्यासाठी घेत असाल तर टेपचे रोल आणि कार्डं दुप्पट मागवा, पावडरच्या आधी तीच संपतात. आणि ब्रश दर गुन्ह्याला नवा हवा, म्हणून सुटे ब्रश त्याच दुकानात मिळतात का ते आधी विचारा.