हाताने ओढायचा क्ले ट्रॅप: आठ वर्षं वापरला, मग विकला

विकायला काढल्यावर पहिला फोन आला तो असा: "बॅटरी किती व्होल्टची?" म्हटलं, बॅटरी नाहीये. "मग चकत्या फेकतं कोण?" म्हटलं, शेजारी बसलेला माणूस. समोरून फोन ठेवला गेला.

हा ट्रॅप, म्हणजे बंदुकीने नेम धरण्यासाठी हवेत चकत्या फेकणारं यंत्र, मी २०१७ साली इंग्लंडमधल्या हेरफर्डशरमध्ये एका शेतकऱ्याकडून ९० पौंडांना घेतला. तेव्हाही तो जुनाच होता, कंपनीचं नाव रंगाबरोबर उडालेलं. त्यामुळे हे मत एखाद्या कंपनीबद्दल नाही, या जातीच्या यंत्राबद्दल समजा.

यंत्र कसलं, लोखंडी तिपाईवर बसवलेली गलोलच. जाडजूड स्प्रिंग आणि तिला जोडलेला लांब दांडा. दांडा मागे खेचायचा, 'खट्' करून अडकला की त्यावर चकती ठेवायची आणि दोरी ओढायची. चकती ११० मिलिमीटर व्यासाची, साधारण १०५ ग्रॅमची. नाव 'क्ले पिजन', म्हणजे मातीच्या कबुतराचं, पण आत पिच (डांबरासारखा पदार्थ) आणि चुनखडीची भुकटी. पूर्वीसारखं खरी कबुतरं पिंजऱ्यातून उडवून त्यांच्यावर नेम धरायला ब्रिटनमध्ये १९२१ साली कायद्याने बंदी आली. नाव तेवढं मागे राहिलं.

खरी मेख दांड्यावरच्या रबराच्या पट्टीत आहे. चकती या पट्टीला घासत गडगडते, तिथेच तिला गिरकी मिळते आणि गिरकीमुळेच ती हवेत आडवी, स्थिर जाते. पट्टी झिजली की चकती नुसती घसरते, हवेत डुलते, कधी दांड्यावरच फुटते. मी पहिला महिनाभर स्वतःच्या नेमाला शिव्या घातल्या. मग एके दिवशी पट्टीवरून बोट फिरवलं, तर काचेसारखी गुळगुळीत. सायकलची जुनी ट्यूब कापून चिकटवली आणि दुसऱ्याच दिवशी चकत्या सरळ जायला लागल्या. जुना ट्रॅप घ्यायला गेलात तर रंग नंतर बघा, आधी तिथे बोट फिरवा. अर्थात दांडा ताणलेला नसताना.

कारण ताणलेला दांडा हे या यंत्राचं सगळ्यात वाईट अंग आहे. तो सुटला तर हाड मोडेल. दांड्याच्या फेऱ्यात कुणी उभं राहायचं नाही, चकती ठेवायची ती मागच्या बाजूने, आणि गाडीत घालण्याआधी दांडा सोडून स्प्रिंग सैल करायची. माझ्या ट्रॅपला संरक्षक कडं नव्हतं. मी गवतात पांढऱ्या चुन्याने गोल आखायचो. कबड्डीचं मैदान वाटायचं.

दुसरी अडचण पलीकडच्या डुकरांची. पिचच्या चकत्यांचे तुकडे डुकरांच्या पोटात गेले तर विषबाधा होते, म्हणून शेजाऱ्याने कुंपणाच्या दिशेने फेकायला साफ मनाई केली होती. तरी दर रविवारी तासभर तुकडे वेचण्यात जायचा. बॅटरीवरचा मोटरवाला ट्रॅप घेतला असता तरी ते वेचणं काही सुटलं नसतं.

आता हा विकला का? मोटरवाल्याला बटण असतं, याला माणूस लागतो. तो माणूस म्हणजे माझी लेक. मी कराडचा, चकती सोडायला सांगताना इथे ओरडतात ते 'पुल' (ओढ) तोंडात पटकन यायचं नाही, मी ओरडायचो "सोड!" इंग्रजी कानाला तो शब्द भलताच, शिवीसारखा ऐकू येतो. डुकरंवाला शेजारी पहिल्यांदा कुंपणापाशी येऊन विचारून गेला की सगळं ठीक आहे ना. लेक हसून हसून दोरी ओढायची विसरली. "बाबा, निदान हळू ओरडा." गेल्या सप्टेंबरात ती युनिव्हर्सिटीला गेली. बायकोने दोनदा दोरी ओढली आणि तिसऱ्यांदा म्हणाली, थंडी वाजतेय.

विक्रीचा अनुभव संमिश्र. एका दुकानाने ३० पौंड देऊ केले, तेही फोटो न बघता. एक जण ७० ठरवून आला आणि अंगणात उभं राहून ४५ वर उतरला. त्याला चहा पाजला, ट्रॅप दिला नाही. ट्रॅपला लायसन्स लागतं का, हे तिघांनी विचारलं. लागत नाही. शॉटगनला सर्टिफिकेट लागतं, यंत्राला नाही.

शेवटी वेल्समधून एक आजोबा नातवाला घेऊन आले. मी जाहिरातीत दोष सगळे लिहिले होते: कडं नाही, एका पायाला गंज, पट्टी घरगुती. आजोबांनी न विचारता आधी पट्टीवरच बोट फिरवलं. मग दहा चकत्या फेकून दाखवल्या, नऊ सरळ गेल्या, एक दांड्यावर फुटली. मी सवयीने "सोड!" ओरडलो, नातवाने आजोबांकडे बघितलं.

७० पौंड रोख मिळाले. वर उरलेल्या अर्ध्या खोक्यातल्या चकत्या दिल्या आणि दोरी नवी बांधून दिली, कारण जुनी गाठीपाशी विरली होती.