घरचा पटिंगचा सराव की पुण्याची रेंज?

गोल्फमधला हँडिकॅप (ठरलेल्या फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात, तो आकडा) उतरवण्यासाठी सोलापूरहून सुमारे २५० किलोमीटरवरच्या पुण्याला रेंजवर (लांब फटक्यांच्या सरावाच्या मैदानावर) जावे की घरीच पटिंग (चेंडू जमिनीवरून हळूच होलमध्ये, म्हणजे खड्ड्यात, ढकलणे) घोटावे, असा पेच माझ्या मेहुण्यांना पडला आहे. खर्च आणि वेळ पाहता घरचा सराव निर्विवाद सरस ठरतो. परिणामाचे म्हणाल, तर पार ७२ च्या, म्हणजे १८ होल ७२ फटक्यांत पुरे करणे अपेक्षित असलेल्या मैदानावर दर होलला दोन याप्रमाणे ३६ फटके पटिंगचेच धरलेले असतात; शिवाय १०८ मिलिमीटरच्या होलऐवजी त्याहून अरुंद तोंडाचे फुलपात्र आडवे ठेवून, ताणून अंथरलेल्या सतरंजीवर रोज ५० चेंडू मारले, की हाताला सरळ रेषेची सवय लागते. उताराचा अंदाज मात्र सतरंजी शिकवत नाही.

टी-शॉट, म्हणजे होलचा पहिला फटका, हद्दीबाहेर गेल्यास दंडाचा एक फटका बसतो आणि अंतरही वाया जाते. ही चूक रेंजवर प्रशिक्षकाच्या नजरेखालीच सुटते. म्हणून ग्रीनवर (होलभोवतीच्या आखूड गवतावर) पटिंगचे तीन-तीन फटके लागणाऱ्याने घरी सराव करावा, चेंडू हरवणाऱ्याने पुणे गाठावे.