डबा चांगला, पण आपोआप सुरू होणारा व्हिडिओ आधी बंद करा

चवथीच्या आठवडाभर आधी फोंड्याच्या बाजारातून टीव्हीला जोडायचा डबा घेतला, साडेतीन हजारांना. चित्र स्वच्छ. दुकानातला मुलगा घरी येऊन जोडून गेला, वेगळे पैसे घेतले नाहीत. आवाजही उत्तम, आणि आवाजातलं मला कळतं. माझी सगळी नोकरी रेडिओच्या कंट्रोल रूममध्ये गेली.

तक्रार आहे ती डब्यात भरूनच आलेल्या व्हिडिओच्या अ‍ॅपबद्दल. नातू फुटबॉल बघत होता, मी टीव्हीकडे पाठ करून गणपतीच्या वर टांगायची फळापानांची माटोळी बांधत होतो. एक व्हिडिओ संपला की दुसरा आपणहून सुरू. तासाभराने कानाला बदल जाणवला. खाली एकसुरी घुमणारं संगीत, वर शांत, दमदार आवाज, 'आपल्यावर' झालेल्या अन्यायांची जंत्री आणि मग एका अख्ख्या समाजाला कीड म्हणणं. नातवाने रिमोटला हातही लावला नव्हता.

ही रीत जुनी आहे. आफ्रिकेतल्या रवांडात १९९३ साली सुरू झालेलं आरटीएलएम हे रेडिओ केंद्र लोकांना आवडलं ते गाण्यांमुळे, थट्टामस्करीमुळे. त्यातच तिथल्या तुत्सी या अल्पसंख्य समाजाला 'झुरळं' म्हणणं मिसळलेलं असे. १९९४च्या नरसंहारात तेच केंद्र कोणाला गाठायचं त्यांची नावं सांगू लागलं. एका लहानशा केंद्राची ताकद आम्हा गोंयकारांना ठाऊक आहे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ ते १९६१ जंगलातून गोव्याच्या मुक्तीसाठी रेडिओ चालवला होता. म्हणूनच ते हत्यार द्वेषाच्या हाती गेलेलं मला बघवत नाही.

आता तर ट्रान्समीटरही लागत नाही. न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला २०१९ साली मशिदींमध्ये ५१ माणसं मारणाऱ्याने हल्ला थेट दाखवला. तो थेट पाहणारे दोनशेहून कमी होते, पण पहिल्या २४ तासांत फेसबुकने त्या व्हिडिओच्या १५ लाख प्रती काढल्या किंवा अडवल्या. पसरवणारे वेगळेच होते. त्यामुळे असं काही दिसलं तर 'बघा किती वाईट' म्हणूनसुद्धा ग्रुपवर टाकू नका.

सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद करा, पाहिलेल्याची यादी पुसा. पुढच्या शिफारशी बऱ्याचशा तिच्यावरून येतात. तक्रारीचं बटण तीन पायऱ्या आत दडवलंय; मी केलेल्या तक्रारीला अकरा दिवसांत उत्तर नाही.

डब्याला चार तारे, अ‍ॅपला एक. दुकानात जाऊन हे सगळं सांगितलं, तेव्हा त्या मुलाने पुढच्या गिऱ्हाइकाचा ऑटोप्ले माझ्यासमोरच बंद करून दिला.