शब्दकार्डांचा संच : निवड चोख, अर्थ कच्चे

आमची मुलगी तिसरीत आहे. धडा ती घडाघडा वाचते, पण गोष्टीत काय घडले असे विचारले की गप्प होते, म्हणून हा शब्दकार्डांचा संच घेतला आणि दोन महिने नेमाने वापरला. गफ आणि टन्मर या वाचनाच्या अभ्यासकांनी 1986 मध्ये मांडलेल्या सूत्रानुसार वाचनाचे आकलन हा अक्षरे उलगडण्याचे कौशल्य आणि भाषेची समज यांचा गुणाकार असतो. त्यामुळे शब्दच ठाऊक नसले तर नुसत्या अस्खलित वाचनाने भागत नाही.

संचातील शब्दांची निवड मनापासून आवडली. शब्दसंग्रह कसा शिकवावा याच्या अभ्यासक इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे तीन थर मानले आहेत : 'पाणी', 'झोप' यांसारखे बोलण्यातून आपोआप येणारे, 'प्रकाशसंश्लेषण' यासारखे एखाद्या विषयापुरते, आणि या दोहोंमधले, म्हणजे बोलण्यात कमी पण पुस्तकांत वारंवार भेटणारे. येथे 'संकोच', 'आग्रह', 'हताश', 'नाइलाज' असे नेमके मधल्या थरातले शब्द घेतले आहेत.

अर्थ मात्र शब्दकोशातून जसेच्या तसे उतरवलेले दिसतात. 'हताश' म्हणजे 'भग्नाश' हे वाचून आठ वर्षांच्या मुलाला काय कळणार? 'संकोच' या शब्दाचा पहिला अर्थ 'आकुंचन' असा दिल्यामुळे मुलीने "थंडीत मांजरीने संकोच केला" असे वाक्य लिहिले; हसू आले, पण चूक तिची नव्हती. उत्तर येत असूनही वर्गात हात वर करवत नाही, तो संकोच, असे मी सांगितल्यावर ती लगेच म्हणाली, "मग मला नव्या बाईंशी बोलताना संकोच वाटतो." शब्दाबरोबर कोणते क्रियापद येते हेही कार्डावर नाही, आणि 'आग्रह करणे' व 'आग्रह धरणे' यांतला फरक तर तेथेच कळतो.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. प्रत्येक शब्द एकदाच भेटतो आणि पुन्हा कोठेच येत नाही. बेक यांच्याच गटाने 1985 मध्ये चौथीच्या मुलांबाबत केलेल्या अभ्यासात शब्दाशी 12 वेळा गाठ पडल्यावर गोष्टीचे आकलन सुधारले, 4 वेळांनी नाही. खोका तकलादू आहे, पण ते चालून जाते.

आता आम्ही कार्डाची मागची बाजू वाचतच नाही. आठवड्याला पाच शब्द काढतो, ते ज्या गोष्टीत येतात ती आधी वाचतो, आणि अर्थ तिच्याच शब्दांत कोऱ्या कागदावर लिहून मागे चिकटवतो.