ग्लॉक 19, तिसरी पिढी: कॅलिफोर्नियात विकत घेऊन नऊ महिने वापरल्यावर

दुकानातल्या काचेच्या कपाटात चिठ्ठी 549 डॉलरची होती. पिस्तूल घरी येईपर्यंत खिशातून 728 गेले. सप्टेंबर 2024 मध्ये सॅन होजेत घेतलं. घेऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींना आधी हिशेब सांगतो, कारण मला तो कुणी सांगितला नव्हता.

549 वर राज्याचा 11 टक्के शस्त्रकर, म्हणजे 60 डॉलर. हा कर 1 जुलै 2024 पासून लागला, मी दोन महिने उशीर केला. मग विक्रीकराचे 57, पार्श्वभूमी तपासणीची फी 37.19 आणि सेफ्टी सर्टिफिकेटचे 25.

त्या सर्टिफिकेटसाठी दुकानातच 30 प्रश्नांची लेखी परीक्षा असते, 23 बरोबर यावे लागतात. पुस्तिका सरकारी संकेतस्थळावर फुकट मिळते. ती दोन संध्याकाळी नीट वाचा, नुसती पास होण्यापुरती नको. घरात मूल असेल तर त्यातलं प्रत्येक पान कामाचं आहे.

पहिल्या फेरीत मला परत पाठवलं. ड्रायव्हिंग लायसन्सवर जुन्या घराचा पत्ता होता. पत्ता बदलल्याचं मी कळवलं होतं, पण कार्ड नवीन आलं नव्हतं. शेवटी गाडीच्या रजिस्ट्रेशनच्या कागदावर काम झालं. ग्रीन कार्ड, लायसन्स, आत्ताच्या पत्त्याचा सरकारी कागद आणि विजेचं बिल, एवढं सोबत ठेवाच. फॉर्म भरून झाला शनिवारी दुपारी 3:20 ला, पिस्तूल मिळालं त्यानंतरच्या दुसऱ्या मंगळवारी, 3:20 नंतर. फॉर्म भरल्यावर दहा दिवस थांबावं लागतं, आणि दहा दिवस म्हणजे मोजून दहा वेळा 24 तास. सुरुवातीला हे थांबणं जाचलं. पण त्याच दिवसांत मी बायकोशी शांतपणे बोललो, आकडे दाबून उघडणारी पोलादी पेटी आणून कपाटात बोल्टनं पक्की केली. पिस्तूल आधी आणि पेटी नंतर, असं झालं असतं तर मला आवडलं नसतं. मुलगा नऊ वर्षांचा आहे. वापरात नसलेलं शस्त्र घरातही कुलपातच ठेवायची सक्ती 1 जानेवारी 2026 पासूनची आहे. ती मला पूर्ण मान्य आहे.

एच-1बीवर असलेल्यांनी विषय इथेच सोडावा. शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर त्या व्हिसावर बंदूक किंवा गोळी जवळ बाळगणंही फेडरल कायद्यानं गुन्हा आहे. नेमबाजीच्या रेंजवर बंदूक भाड्यानं घेणंही त्यातच येतं. मित्राच्या आग्रहाखातर हा धोका पत्करू नका.

मी कोल्हापूरचा. राही सरनोबतनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तूलचं सुवर्ण आणलं, तेव्हापासून हे डोक्यात होतं. ऑगस्ट 2024 मध्ये स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला रायफलमध्ये कांस्य घेतलं आणि मी मनावर घेतलं. ग्लॉक हे स्पर्धेचं पिस्तूल नाही हे मला ठाऊक आहे. पण शिकायला दणकट आहे. 1800 गोळ्या झाडल्या, फक्त दोनदा अडकलं, आणि दोन्ही वेळा माझीच पकड सैल होती.

तक्रार आहे ती पिढीची, म्हणजे मॉडेलच्या आवृत्तीची. पाचवी पिढी 2017 सालीच आली, पण इथल्या दुकानदाराला राज्याच्या मंजूर यादीतलंच पिस्तूल सामान्य गिऱ्हाइकाला विकता येतं. यादीत नव्यानं शिरायच्या अटी 2007 नंतर कडक होत गेल्या. तिसरी पिढी आधीपासून यादीत होती म्हणून टिकली. पोलिसांना मात्र ही यादी लागू नाही. मी डावखुरा आहे. मॅगझिन (गोळ्या भरायची डबी) सोडायचं बटण चौथ्या पिढीपासून दुसऱ्या बाजूला बसवता येतं, माझ्यात नाही. मला ते तर्जनीनं दाबावं लागतं आणि त्यासाठी दर वेळी पकड हलवावी लागते. सुरक्षेसाठी केलेल्या यादीमुळे मला हाताला कमी सोयीचं पिस्तूल घ्यावं लागलं, हे मला पटत नाही. परीक्षा, तपासणी, दहा दिवस, सगळं पटतं. हे नाही. मॅगझिन मूळ 15 गोळ्यांचं, इथे 10 चं मिळतं. सरावाला त्यानं काही अडत नाही.

खरा खर्च पुढेच आहे. महिन्यातून दोनदा रेंजवर जातो, दर वेळी 100 गोळ्या. 50 ची पेटी साधारण 17 डॉलर, गोळ्यांवरही तोच 11 टक्के कर, वर विक्रीकर. गोळ्या घेताना दर वेळी नोंद तपासतात, त्याचा जून 2025 पर्यंत एक डॉलर होता. ऑनलाइन मागवल्या तरी त्या डीलरकडेच येतात. रेंजचे 28 धरले तर एका फेरीचे 70 होतात. नऊ महिन्यांत पिस्तुलाच्या किमतीच्या दुपटीहून जास्त त्यातच गेले.

नेताना पिस्तूल रिकामं, कुलपाच्या पेटीत, डिकीत. गाडीचा ग्लव्ह बॉक्स कुलूप लावलेला असला तरी कायद्याला चालत नाही.

डावखुरे असाल तर दुकानात पिस्तूल रिकामं करून हातात मागा आणि ते बटण वीसेक वेळा दाबून बघा. पैसे नंतर द्या.