हार्वर्ड, येल की प्रिन्स्टन: पदवीच्या चार वर्षांसाठी निवड कशी करावी

बारावीनंतर पदवी शिक्षणासाठी अमेरिकेत जाऊ इच्छिणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन ही तीन नावे बहुधा एका दमात घेतात. क्रमवारीच्या तक्त्यांत ही तिन्ही विद्यापीठे आलटूनपालटून वर-खाली होत असतात, पण एखाद्या वर्षी एखाद्या जागेचा फरक पडला म्हणून तेथील शिक्षणाचा कस बदलत नाही. चार वर्षांचे प्रत्यक्ष जगणे मात्र तिन्ही ठिकाणी वेगळे आहे. विद्यार्थी कोणाबरोबर राहतो, कुठे जेवतो आणि शेवटच्या वर्षी विद्यापीठ त्याच्याकडून काय लिहून घेते, हे क्रमवारीपेक्षा कितीतरी अधिक महत्त्वाचे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि पुढील तुलना त्याच अंगाने केली आहे.

येथे केवळ पदवीपूर्व शिक्षणाचा विचार केला आहे. एमएस किंवा पीएचडीसाठी जाणाऱ्याने विद्यापीठाचे नाव बाजूला ठेवून विभाग आणि मार्गदर्शक पाहावेत. मराठी वाचकाला अमेरिकी विद्यापीठ म्हटले की सर्वांत आधी कोलंबिया आठवते, कारण डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर तेथे गेले होते. तथापि ते पदव्युत्तर शिक्षणासाठी गेले होते. शिवाय पदवीसाठी अर्ज करणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याची आर्थिक गरज कोलंबिया प्रवेशाच्या निर्णयात विचारात घेते, तर प्रस्तुत तिन्ही विद्यापीठे ती घेत नाहीत. म्हणून कोलंबिया या तुलनेबाहेर ठेवले आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो, कारण निवडीवर त्याचा परिणाम मर्यादित आहे. हार्वर्डची स्थापना १६३६ सालची. १६३८ मध्ये निधन पावलेल्या जॉन हार्वर्ड या तरुण धर्मोपदेशकाने आपली निम्मी मालमत्ता आणि सुमारे ४०० ग्रंथ या नव्या महाविद्यालयाला दिले, म्हणून त्याला त्याचे नाव मिळाले. येलची स्थापना १७०१ सालची असून त्याचे नाव थेट हिंदुस्थानाशी जोडलेले आहे. एलिहू येल हा ईस्ट इंडिया कंपनीचा मद्रास येथील गव्हर्नर होता. तेथे कमावलेल्या संपत्तीतून त्याने मालाच्या नऊ गासड्या, ४१७ ग्रंथ आणि राजा पहिला जॉर्ज याचे एक चित्र पाठवले, आणि त्या मालाच्या विक्रीतून आलेल्या पैशांमुळे १७१८ मध्ये महाविद्यालयाने त्याचे नाव धारण केले. गुलामगिरीशी असलेल्या आपल्या जुन्या संबंधांबद्दल येलने फेब्रुवारी २०२४ मध्ये औपचारिक माफी मागितली आहे. प्रिन्स्टन १७४६ चे. त्याच्या नॅसॉ हॉल या मूळ इमारतीत १७८३ मध्ये काही महिने अमेरिकेच्या काँग्रेसची बैठक भरत होती, म्हणजे ती इमारत तेवढा काळ देशाची राजधानीच होती. येल आणि प्रिन्स्टन यांनी पदवीसाठी मुलींना १९६९ मध्ये प्रवेश दिला. हार्वर्डमध्ये मुली रॅडक्लिफ या संलग्न महाविद्यालयामार्फत शिकत आणि त्याचे पूर्ण विलीनीकरण १९९९ मध्ये झाले.

खरा फरक निवासव्यवस्थेत आहे, आणि तो समजून घेण्यासाठी १९०७ सालापर्यंत मागे जावे लागते. त्या वेळी प्रिन्स्टनचे अध्यक्ष असलेले वुड्रो विल्सन, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, यांना तेथील भोजन-क्लब खटकत होते. वरच्या वर्गांतील विद्यार्थी जेथे जेवत त्या या क्लबांमध्ये निवडून सदस्य घेतले जात, आणि ज्यांना कोणताच क्लब घेत नसे ते एकटे पडत. सर्व वर्षांच्या विद्यार्थ्यांनी एकत्र राहावे, एकत्र जेवावे आणि त्यांच्यासोबत काही प्राध्यापकांनीही वास्तव्य करावे, अशा अंगणाभोवतीच्या निवासी संकुलांची योजना विल्सन यांनी मांडली. माजी विद्यार्थी संतापले आणि योजना बारगळली. तीच कल्पना पुढे दोन प्रतिस्पर्धी विद्यापीठांनी अमलात आणली. येलचे माजी विद्यार्थी आणि धनाढ्य दाते एडवर्ड हार्कनेस यांनी अशा निवासी महाविद्यालयांसाठी आपल्या विद्यापीठाला पैसा देऊ केला होता. येलने निर्णयाला वेळ लावला, तेव्हा १९२८ मध्ये ते हार्वर्डकडे गेले आणि तेथील अध्यक्ष लॉवेल यांनी देणगी तात्काळ स्वीकारली. त्यानंतर येलही जागे झाले. हार्वर्डची ‘हाउस’ नावाची निवासी संकुले १९३० मध्ये आणि येलची निवासी महाविद्यालये १९३३ मध्ये सुरू झाली, ती दोन्ही एकाच दात्याच्या पैशांवर. आज तिन्ही ठिकाणी जी सामाजिक घडण दिसते तिचे मूळ या प्रसंगांत आहे.

येलमध्ये विद्यार्थी पोहोचण्यापूर्वीच १४ निवासी महाविद्यालयांपैकी एकात त्याची नेमणूक झालेली असते आणि ते नाते चारही वर्षे टिकते. पहिल्या वर्षी बहुतेक जण ओल्ड कॅम्पसवर राहतात, पण तेथेही आपल्याच महाविद्यालयाच्या मुलांसोबत. प्रत्येक महाविद्यालयाचे स्वतःचे भोजनगृह, ग्रंथालय, अंगण, प्रमुख आणि डीन असतात. विद्यार्थी आजारी पडला किंवा अभ्यासात मागे पडला तर नाव घेऊन विचारपूस करणारा माणूस पहिल्या दिवसापासून ठरलेला असतो. घरापासून बारा हजार किलोमीटर दूर जाणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलासाठी ही तिन्हींतील सर्वांत आधार देणारी रचना आहे, असे मला वाटते.

हार्वर्डमध्ये पहिले वर्ष वेगळे काढलेले आहे. सर्व नवे विद्यार्थी हार्वर्ड यार्ड या जुन्या आवारात आणि त्याच्या लगत राहतात, आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या बाजूने मरण पावलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या मेमोरियल हॉलमधील ॲनेनबर्ग या उंच लाकडी छताच्या भोजनगृहात एकत्र जेवतात. वर्षाच्या मध्यावर आठपर्यंत मित्रांचा गट करायचा असतो, आणि मार्च महिन्यातील ‘हाउसिंग डे’च्या सकाळी वरच्या वर्गांतील मुले आपापल्या हाउसचे झेंडे, मुखवटे आणि घोषणा घेऊन खोल्यांवर थडकतात व त्या गटाला चिठ्ठीने १२ पैकी कोणते हाउस मिळाले ते सांगतात. पुढील तीन वर्षे तेथेच जातात. या पद्धतीचा फायदा असा की संपूर्ण तुकडीची ओळख होते आणि मित्र स्वतः निवडता येतात. तोटा असा की कोणत्या गटात आपल्याला घेतले जाईल याची धाकधूक पहिल्या वर्षभर राहते. बुजऱ्या मुलाने ही गोष्ट हलकी समजू नये. तीन हाउस रॅडक्लिफच्या जुन्या आवारात, म्हणजे मुख्य भागापासून चालत बऱ्याच अंतरावर आहेत, तेव्हा चिठ्ठी कुठली निघते यावरही रोजची धावपळ ठरते.

प्रिन्स्टनने निवासी महाविद्यालयांची पद्धत १९८२ मध्ये स्वीकारली आणि आता तेथे सात महाविद्यालये आहेत. तरीही तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी बऱ्याच विद्यार्थ्यांचे सामाजिक आयुष्य प्रॉस्पेक्ट ॲव्हेन्यूवरील ११ भोजन-क्लबांकडे वळते. काही क्लबांत नाव नोंदवले की प्रवेश मिळतो. उरलेल्यांत ‘बिकर’ नावाची निवडप्रक्रिया असते, जिच्यात जुने सदस्य गप्पा आणि खेळांतून इच्छुकांना जोखतात आणि मग आपसांत ठरवतात. सर्वांत जुन्या आयव्ही क्लबची स्थापना १८७९ सालची, आणि शेवटच्या दोन क्लबांनी मुलींना प्रवेश देण्यासाठी एका विद्यार्थिनीला दशकाहून अधिक काळ कायदेशीर लढा द्यावा लागला. क्लबांची वर्गणी विद्यापीठाच्या मेसपेक्षा जास्त असते. आर्थिक साहाय्य घेणाऱ्या वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना विद्यापीठ भोजनासाठी वाढीव रक्कम देते, आणि क्लबात न जाता महाविद्यालयात किंवा सहकारी स्वयंपाकगृहात जेवण्याचा पर्यायही खुला असतो. हार्वर्डमध्ये ‘फायनल क्लब’ हे निवडक सदस्यांचे खासगी क्लब आणि येलमध्ये चौथ्या वर्षाच्या गुप्त मंडळ्या आहेत, त्यांतील स्कल अँड बोन्स १८३२ पासूनची. पण त्यांच्याशी काहीही संबंध न येता तेथे चार वर्षे आनंदाने जाऊ शकतात. प्रिन्स्टनमध्ये क्लबांकडे संपूर्ण डोळेझाक करणे तुलनेने अवघड आहे.

अभ्यासाच्या बाबतीत मात्र माझे झुकते माप प्रिन्स्टनला आहे. तेथे वैद्यकीय, विधी आणि व्यवस्थापन यांपैकी एकही विद्याशाखा नाही. पदवीच्या विद्यार्थ्यांची संख्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपेक्षा बरीच जास्त आहे, त्यामुळे प्राध्यापकांचे लक्ष पदवीच्या मुलांकडे राहते. विल्सन यांनीच १९०५ मध्ये सुरू केलेली ‘प्रिसेप्ट’ ही छोट्या गटातील चर्चेची पद्धत आजही व्याख्यानांच्या जोडीला चालते. कला आणि विज्ञान शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षी स्वतंत्र लेखन आणि चौथ्या वर्षी एका प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखाली मूळ संशोधनावर आधारित प्रबंध लिहावाच लागतो. अभियांत्रिकीच्याही बहुतेक शाखांत तशीच अट आहे. घोकंपट्टीच्या परीक्षा देऊन आलेल्या आपल्या मुलांसाठी हे प्रकरण सुरुवातीला कठीण जाते, परंतु एकाच प्रश्नावर वर्षभर काम करून शंभर पानांपर्यंत जाणारे लेखन पूर्ण करण्याचे शिक्षण पुढे कुठल्याही क्षेत्रात उपयोगी पडते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर आणि मिशेल ओबामा यांचे पदवीचे प्रबंध तेथील संग्रहात आजही आहेत. सार्वजनिक धोरण विभागाचे विद्यार्थी प्रबंध सादर करून इमारतीसमोरच्या कारंज्यात उडी घेतात. पदवी मिळण्यापूर्वी फिट्झरँडॉल्फ या मुख्य फाटकातून बाहेर पडू नये, असाही तेथे संकेत आहे.

हार्वर्डमध्ये प्रबंध मुख्यतः विशेष प्रावीण्यासह पदवी हवी असणाऱ्यांसाठी असतो. येलमध्ये प्रत्येक मुख्य विषयाची शेवटच्या वर्षाची अट असते, पण ती प्रबंध, चर्चासत्र किंवा प्रकल्प अशा विविध रूपांनी पुरी करता येते. हार्वर्डचे बळ विस्तारात आहे. तेथे सर्व विद्याशाखा आहेत, विद्यार्थ्याला नावनोंदणी करून थोड्याच अंतरावरील एमआयटीतील विषयही घेता येतात, आणि अनेक विषयांकडे एकाच वेळी ओढा असलेल्या मुलाला तेथे मोकळे रान मिळते. या संदर्भात गोव्याच्या कोसंबी पितापुत्रांची आठवण होते. धर्मानंद कोसंबी १९१० मध्ये पाली ग्रंथ ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनासाठी हार्वर्डला गेले, आणि पुढे त्यांचे चिरंजीव दामोदर तेथून १९२९ मध्ये पदवीधर झाले. गणित, नाणकशास्त्र, संस्कृत आणि प्राचीन इतिहास अशा चौफेर क्षेत्रांत त्यांनी नंतर जे काम केले, त्यासाठी लागणारी भाषांची आणि विषयांची बैठक त्या वर्षांत पक्की झाली. ज्याला रंगभूमी, संगीत, चित्रकला किंवा इतिहास यांची खरी आवड आहे त्याने येलचाच विचार आधी करावा. नाट्य, संगीत आणि कला यांची स्वतंत्र विद्यालये त्याच आवारात आहेत, वाद्यांशिवाय गाणाऱ्या गटांची परंपरा १९०९ च्या व्हिफेनपूफ्सपासून चालत आली आहे, आणि संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या महाविद्यालयाच्या तळघरात नाटकाची तालीम चालूच असते.

पैशांच्या बाबतीत तिन्हींचे तत्त्व एकच आहे. वर्षाचा एकूण खर्च ८० हजार डॉलरांच्या वर जातो; पण परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न पाहता प्रवेश दिला जातो आणि कुटुंबाला जेवढे झेपणार नाही तेवढे अनुदान म्हणून दिले जाते. विद्यार्थ्यावर कर्जाचा बोजा न टाकण्याची सुरुवात प्रिन्स्टनने २००१ मध्ये केली आणि इतर दोघांनी पुढे तेच केले. गुणवत्तेवर मिळणारी शिष्यवृत्ती तिन्हींपैकी कुठेच नाही, त्यामुळे बोर्डात कितीही चांगले गुण असले तरी सवलत मिळेल ती उत्पन्नाच्या कागदपत्रांवरच. मध्यमवर्गीय नोकरदार घरासाठी या साहाय्यामुळे तेथील शिक्षण भारतातील कित्येक खासगी विद्यापीठांच्या खर्चापेक्षा स्वस्त पडू शकते. अर्जापूर्वी प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावरील गणकयंत्रात पालकांचे उत्पन्न भरून अंदाज काढावा, आणि प्राप्तिकर विवरणपत्रे, व्यवसाय असल्यास त्याचे ताळेबंद वेळेत तयार ठेवावेत. शेतीचे किंवा एकत्र कुटुंबाचे उत्पन्न असेल तर त्याचे स्पष्टीकरण पत्राने अवश्य जोडावे, कारण तेथील कार्यालयाला अशा कुटुंबाची रचना आपोआप कळत नाही.

परिसराचा विचार करता हार्वर्ड बॉस्टनला लागून असलेल्या केंब्रिज शहरात, भुयारी रेल्वेवर आहे. येलचे न्यू हेवन हे मध्यम शहर असून तेथून न्यूयॉर्क रेल्वेने साधारण दोन तासांवर येते. प्रिन्स्टन हे छोटे, शांत गाव आहे. मुख्य रेल्वेमार्गाला ते ‘डिंकी’ नावाच्या चिमुकल्या गाडीने जोडलेले आहे. न्यू जर्सीतील एडिसनचा भारतीय बाजार आणि मोठी मराठी वस्ती तेथून जवळ असल्याने गणेशोत्सवाला किंवा दिवाळीला घरचे जेवण मिळण्याची शक्यता प्रिन्स्टनमध्येच सर्वाधिक आहे. पालकांना हा मुद्दा मोठा वाटतो. मुलांना तो पहिल्या हिवाळ्यानंतर वाटू लागतो.

एक धोका नजरेआड करता येणार नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारने परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देण्याची हार्वर्डची मान्यता रद्द केली. न्यायालयाने त्या आदेशाची अंमलबजावणी थांबवली. व्हिसाची अनिश्चितता तिन्ही ठिकाणच्या विद्यार्थ्यांना भेडसावते, पण सरकारशी सर्वांत उघड संघर्ष हार्वर्डचा झाला आहे, आणि ज्या कुटुंबाला असा ताण सोसवणार नाही त्याने हे लक्षात घेऊनच पसंती ठरवावी.

हा निर्णय प्रवेशपत्र हाती येईपर्यंत लांबवता येत नाही, कारण नोव्हेंबरच्या सुरुवातीला करावयाचा लवकरचा अर्ज तिन्ही विद्यापीठांच्या नियमांनुसार यांपैकी एकाच ठिकाणी करता येतो. तो बंधनकारक नसतो, तरी पसंती त्यातून ठरूनच जाते. ज्याला लिहिण्याची आणि एका विषयात खोल जाण्याची ओढ आहे त्याने तो प्रिन्स्टनला करावा. ज्याला कलांची संगत आणि घट्ट निवासी जीवन हवे आहे त्याने येलला, आणि ज्याची आवड अजून ठरलेली नाही, जो स्वतःहून दारे ठोठावू शकतो व ज्याला मोठ्या शहराची ऊर्जा मानवते, त्याने हार्वर्डला. ऑक्टोबर उजाडण्यापूर्वी त्या त्या विद्यापीठात शिकणाऱ्या एखाद्या भारतीय विद्यार्थ्याशी बोलण्याचा प्रयत्न करावा, आणि त्याला क्रमवारीबद्दल न विचारता, काल रात्री तो कुठे आणि कोणाबरोबर जेवला, हे विचारावे.